गेटचा दुसरा प्रयत्न: अकरा रजिस्टरं, तीन मॉक

‘मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय २४. सिडकोत राहते, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. फेब्रुवारीत पहिल्यांदा गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा दिली, १०० पैकी ३३.३३ गुण पडले. एम.टेक.ला चांगल्या ठिकाणी जायचं आहे, म्हणून पुन्हा देणार आहे. गेल्या वर्षी जूनपासून सगळी व्हिडिओ लेक्चर्स पूर्ण केली, अकरा रजिस्टरं भरली. मॉक, म्हणजे पूर्ण पेपरच्या सराव परीक्षा, मात्र शेवटच्या दहा दिवसांत तीनच झाल्या. दिवाळीत खंड पडला, तो भरून आलाच नाही. रिस्पॉन्स शीटवरून (परीक्षेत मी दिलेल्या उत्तरांच्या नोंदीवरून) काढलेला हिशोब सोबत जोडते आहे. चुकलेल्या एनएटी (उत्तराचा आकडा स्वतः भरायचा) आणि एमएसक्यूपैकी (एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात) सात प्रश्न नंतर घरी शांतपणे केले तर सुटले. निगेटिव्हनं घात केला असं मला वाटतं. नोकरी सोडून पूर्ण वेळ बसू का? क्लास बदलू का? आणि या अकरा रजिस्टरांचं काय करू? पुन्हा पहिल्यापासून वाचायची हिंमत होत नाही.’

— एक वाचक, सिडको, नाशिक

हिशोब जोडलात हे फार बरं केलंत. नुसता एकूण गुणांचा आकडा कळवला की त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. तुमच्या आकड्यांवरून सांगता येतं, आणि ते तुमच्या अंदाजापेक्षा वेगळं आहे.

६५ पैकी ५५ प्रश्नांना तुम्ही हात घातला. २९ बरोबर आले, २६ चुकले. एमसीक्यूमध्ये (चारपैकी एकच पर्याय बरोबर) एक गुणाचे ६ आणि दोन गुणांचे ७ चुकले. एक गुणाच्या चुकीला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या चुकीला दोन तृतीयांश कापतात, म्हणजे २ आणि ४.६७. निगेटिव्हनं नेले ते एवढेच, ६.६७. आता एनएटी आणि एमएसक्यूची ओळ बघा. तिथे एक गुणाचे ५ आणि दोन गुणांचे ८ चुकले. हे झाले २१ गुण. या प्रश्नांना निगेटिव्ह नसतं म्हणून ते डोळ्यांत सलत नाहीत, पण त्या तेरा प्रश्नांवर तुम्ही वेळ दिलात, रफ पानं भरलीत आणि हाती काहीच आलं नाही. शिवाय दहा प्रश्न राहून गेले, त्यांतले नऊ दोन गुणांचे. म्हणजे आणखी १९ गुण. ते कठीण होते म्हणून राहिले की वेळ संपला म्हणून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पेपरच्या शेवटी ते एकगठ्ठा राहिले असतील तर वेळच संपला, असं धरून चाला.

आणि तेरापैकी सात घरी सुटले! म्हणजे विषय तुम्हाला बऱ्यापैकी येतो. घड्याळ लावून, समोर रजिस्टर नसताना, पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरनं अचूक उत्तरापर्यंत जाण्याचा सराव मात्र जवळजवळ झालाच नाही. गेल्या वर्षीचा तुमचा बहुतेक वेळ दुसऱ्या कुणीतरी सोडवलेलं बघण्यात आणि उतरवून घेण्यात गेला. बघताना सगळं समजतं. त्या समजण्यानं अभ्यास झाल्यासारखं वाटतं, आणि फसगत होते ती तिथेच. २००६ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गेट तर काही महिन्यांनी असते.

त्यामुळे क्लास बदलण्याचा विचार सोडा. नव्या क्लासचे व्हिडिओ म्हणजे बारावं रजिस्टर. एखादा विषय खरोखरच कच्चा असेल तर एनपीटीईएलवर (आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन लेक्चर्स असतात तिथे) तेवढ्याच प्रकरणाचं लेक्चर फुकट बघता येतं.

सुरुवात फेब्रुवारीच्या पेपरपासूनच करा. पहिले दोन आठवडे दुसरं काही वाचू नका. चुकलेले २६ आणि राहिलेले १० असे ३६ प्रश्न एकेक करून कोऱ्या कागदावर सोडवा, आणि प्रत्येकापुढे चारपैकी एक शेरा लिहा: माहीतच नव्हतं; माहीत होतं पण आठवलं नाही; सूत्र आठवलं पण मांडणी चुकली; मांडणी बरोबर पण आकडेमोड किंवा वाचन चुकलं. ‘सिली मिस्टेक’ हा शेरा लिहायचा नाही. त्यानं पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. चारही शेऱ्यांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला पुस्तक लागतं, दुसऱ्याला उजळणी, तिसऱ्याला त्याच जातीचे आठ-दहा प्रश्न आणि चौथ्याला एक ठरलेली तपासणी. सगळ्यावर एकच औषध म्हणून पुन्हा लेक्चर लावलं तर उपयोग फक्त पहिल्यालाच होईल.

यातून चुकांची वही तयार होईल. शंभर पानी साधी वही पुरे, डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर चुकीचं कारण. एक नोंद करूनच दाखवतो.

प्रश्न असा: काउंटरफ्लो हीट एक्स्चेंजरमध्ये गरम पाणी ९० वरून ५० अंशांवर येतं, थंड पाणी २० वरून ४० वर जातं, तर एलएमटीडी (दोन्ही टोकांच्या तापमानफरकांची लॉगवरून काढलेली सरासरी) किती? एका टोकाला फरक ९० उणे ४०, म्हणजे ५०. दुसऱ्या टोकाला ५० उणे २०, म्हणजे ३०. वर या दोन फरकांची वजाबाकी २०, खाली ५०/३० चा नॅचरल लॉग, म्हणजे ०.५१०८. उत्तर ३९.१५. आता इथे चुकायच्या दोन जागा आहेत. घाईत पॅरलल फ्लो धरला तर फरक ७० आणि १० होतात आणि उत्तर ३०.८३ येतं. ही मांडणीची चूक. फरक बरोबर काढूनही कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ऐवजी ‘लॉग’चं बटण दाबलं तर खाली ०.२२१८ येतं आणि उत्तर ९०.१५. ही आकडेमोडीची चूक. ही दुसरी चूक पकडायला पाच सेकंदं लागतात, कारण एलएमटीडी नेहमी त्या दोन फरकांच्या मधेच पडतो. ३० आणि ५० च्या मधे ९० येणार कसा? उजव्या पानावर लिहायचं ते हेच: ‘बटण एलएन. उत्तर दोन फरकांच्या मधे आहे का, बघ.’ चूक कशी झाली ते लिहाच, पण पुढच्या वेळी ती कशी पकडायची तेही लिहा. पकड लिहिली नाही तर वही नुसती रडगाणं होते.

काही पकडी आधीच सांगून ठेवतो. व्हायब्रेशनच्या प्रश्नात ५ साइन ३ काढायचं असेल तर ते ३ रेडियन असतात. कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला तर ०.७०६ ऐवजी ०.२६२ येतं. एसओएमला (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सला) मिलिमीटर, न्यूटन आणि मेगापास्कल हा संच एकदा धरला की मधेच मीटर आणायचं नाही. थर्मोत गॅसच्या समीकरणात तापमान केल्व्हिनमध्ये घेतलं का, आणि दाब गेज आहे की अॅब्सोल्यूट, हे मांडणीच्या पहिल्याच ओळीत लिहायचं. एनएटीमध्ये किती दशांश मागितलेत ते वाचायचं, पण मधल्या पायऱ्यांत आकडा तोडायचा नाही. उत्तर ठरावीक मर्यादेत असेल तर ग्राह्य धरतात, आणि आधीच दोनदा राउंड केलं की नेमकं त्या मर्यादेबाहेर जातं.

तुमचा खिशातला कॅल्क्युलेटर आजच कपाटात ठेवा. परीक्षेत पडद्यावरचाच मिळतो, माउसनं एकेक बटण दाबून चालवावा लागतो, कीबोर्ड चालत नाही. एनएटीचं उत्तरही पडद्यावरच्या अंकांवर क्लिक करूनच भरायचं असतं. तोच कॅल्क्युलेटर गेटच्या संकेतस्थळावर सरावासाठी असतो. रोजचा प्रत्येक प्रश्न त्याच्यावरच सोडवा, लॅपटॉपला माउस लावून. टचपॅडची सवय तिथे उपयोगी पडत नाही. बोटांना कंस कुठे आहेत हे कळायला महिनाभर लागतो, आणि तो महिना जानेवारीत असू नये.

नोकरीबद्दल. आमचं स्पष्ट मत आहे की सोडू नका. आठवड्याला १५ तास धरले तर एप्रिल अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या ४० आठवड्यांत ६०० तास होतात, आणि सोडवण्यात गेले तर ते भरपूर आहेत. घरी पूर्ण वेळ बसलेला माणूस दिवसाला दहा तास ठरवतो, चार खरे होतात, आणि उरलेल्या सहांची टोचणी रात्रभर राहते. त्यापेक्षा पीएल (पगारी रजा) साठवा आणि जानेवारीच्या मध्यापासून दहा-बारा दिवस मागून घ्या. साहेबांना हे ऑक्टोबरमध्येच सांगा, डिसेंबरात सांगितलं की शेड्यूल लागून गेलेलं असतं.

शिफ्ट बदलते म्हणून टाइमटेबल टिकत नाही, ही अडचण खरी आहे. तेव्हा वेळापत्रक एक करू नका, दोन करा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात चार-सव्वाचारला घरी आल्यावर लगेच पुस्तक उघडू नका. जेवा, अर्धा तास पडा. साडेपाच ते साडेसात प्रश्न, रात्री नऊनंतर अर्धा तास चुकांची वही, साडेदहाला झोप. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात रात्री घरी पोचल्यावर अभ्यास अजिबात नको. दीडला झोपून आठला उठा आणि साडेनऊ ते साडेबारा बसा. सकाळच्या सत्रातली गेट नेमकी याच वेळेत असते, दुपारची अडीच ते साडेपाच. म्हणजे तुमचा सेकंड शिफ्टचा आठवडा मॉकसाठी देवानंच दिलेला आहे. त्या आठवड्यातली एक सकाळ मॉकला आणि दुसरी तिच्या तपासणीला राखून ठेवा. शिफ्ट बदलते त्या दिवशी काही मोठं ठरवू नका, वही वाचली तरी पुरे.

पहाटे पाचला उठण्याचा संकल्पही करू नका. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी तो आठवडाभरात मोडते, आणि संकल्प मोडला की माणूस दिवसच सोडून देतो. अभ्यासिका लावायची असेल तर सिडकोतलीच बघा. कॉलेज रोडची कितीही चांगली असली तरी संध्याकाळच्या गर्दीत येण्या-जाण्यातच तास जाईल. अंबडहून घर जवळ असल्यानं तुमचा जो वेळ वाचतो, तो असा घालवू नका. बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा करून टेबलावर ठेवलेला फोनही मन खातो. टेलिग्रामवरच्या गेटच्या ग्रुपांतून तर बाहेरच पडा. तिथे रोज कुणीतरी ‘माझा सिलॅबस झाला’ म्हणून सांगत असतो.

दोन तासांची एक बैठक अशी घ्या. पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदावर काल-परवाच्या प्रकरणातली सूत्रं, त्यांच्या अटी आणि एककं आठवून लिहायची, काहीही न उघडता. मग रजिस्टर उघडून राहिलेलं लाल पेननं भरायचं. लाल भाग हाच तुमचा आजचा अभ्यास, तेवढाच वाचायचा. पुढचा दीड तास प्रश्न. एक गुणाला दीड-दोन मिनिटं आणि दोन गुणांना चार, असं घड्याळ लावून. अडलं तर आणखी तीन मिनिटं झगडा, मगच उत्तर बघा. बघितलेला प्रश्न ‘झाला’ धरायचा नाही, तीन दिवसांनी तो पुन्हा कोरा सोडवायचा. शेवटची वीस मिनिटं जनरल अॅप्टिट्यूड (भाषा, तर्क आणि साधं अंकगणित). त्याच प्रकरणाकडे दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्यानं परत यायचं. तारखा प्रकरणाच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा, म्हणजे आज काय करायचं याचा विचार करण्यात वेळ जात नाही.

अॅप्टिट्यूड रोज का? कारण त्याला १५ गुण आहेत आणि गणिताला साधारण १३. मिळून २८. मेकॅनिकलचा कुठलाच एक विषय एवढं देत नाही, तरी या दोघांना शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. गणितात लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शिअल इक्वेशन्स आणि प्रोबॅबिलिटी आधी पक्कं करा, जुने पेपर बघितलेत तर प्रश्नांचे साचे फिरून फिरून येताना दिसतील.

जुलैपर्यंत विषयवार चालेल. एका वेळी दोन विषय, एक आकडेमोडीचा आणि एक त्यापेक्षा हलका, उदाहरणार्थ थर्मोबरोबर मॅन्युफॅक्चरिंग. क्वालिटीत असल्यानं मेट्रॉलॉजी आणि टॉलरन्स तुमच्या रोजच्या हातातलेच आहेत. ऑगस्टपासून मात्र विषय मिसळा. तीन विषयांतले पाच-पाच असे पंधरा प्रश्न, क्रम पिसून. सुरुवातीला गुण घसरतील, जीव घाबरेल. घाबरू नका. हीट ट्रान्सफरचं प्रकरण उघडून सोडवताना ‘हा हीट ट्रान्सफरचा प्रश्न आहे’ हे आधीच ठाऊक असतं. पेपरात ते कुणी सांगत नाही, आणि प्रश्न कुठल्या घरातला हे ओळखणं हे निम्मं काम असतं. यासाठी जुने पेपर सर्वांत उत्तम. मागच्या दहा-बारा वर्षांचे काढा, पण अलीकडची तीन वर्षं न बघता बाजूला ठेवा. ती जानेवारीत पूर्ण पेपर म्हणून लागतील. ऑगस्टच्या अखेरीस अर्ज सुरू झाले की लगेच भरून टाका आणि केंद्रासाठी नाशिक पहिल्या पसंतीला टाका.

मॉक सप्टेंबरपासून दोन आठवड्यांतून एक, डिसेंबरपासून दर आठवड्याला एक. परीक्षेआधी पाच-सहा दिवस शेवटची. अशा चौदा-पंधरा होतात. रोज एक देणाऱ्यांचं ऐकू नका. मॉकला तीन तास लागतात आणि तिची चिरफाड करायलाही तेवढेच लागतात. दुसरे तीन तास देणार नसाल तर पहिले तीनही देऊ नका. मॉक अर्धवट थांबवून चहाला उठणं, एखादं सूत्र हळूच बघून घेणं, हेही नको. मग त्या गुणांना अर्थ उरत नाही.

मॉकमध्येच पेपर लावण्याची पद्धत बसवा. पहिली ७५ मिनिटं सगळा पेपर एकदा फिरायचा, दोन मिनिटांत वाट दिसते तेवढेच प्रश्न करायचे. पुढची ७० मिनिटं वाट दिसलेले पण लांबलचक प्रश्न. मग २५ मिनिटं अडलेल्यांसाठी, शेवटची १० उत्तरं नीट भरली गेलीत का यासाठी. ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबल्याशिवाय उत्तर नोंदलंच जात नाही, पॅलेटवर, म्हणजे प्रश्न क्रमांकांच्या चौकटीत, दुसऱ्या प्रश्नावर थेट उडी मारली की भरलेलं वाया जातं. उत्तर देऊन ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ केलेलं मात्र तपासलं जातं. कुठल्याही एका प्रश्नावर सहा मिनिटांच्या वर बसायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा वाटो. तुमच्या तेरा चुकांमागे आणि दहा राहिलेल्यांमागे हा ओळखीचा वाटणारा प्रश्नच असण्याची शक्यता जास्त.

निगेटिव्हचा धसका काढायला साधा हिशोब पुरतो. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर सरासरी हाती शून्य येतं, फायदा नाही, तोटाही नाही. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर एक गुणाच्या प्रश्नाला सरासरी एक नवमांश गुण वर येतो, दोन बाद झाले तर एक तृतीयांश. म्हणून नियम असा: काहीच बाद होत नसेल तर सोडा, एक तरी बाद झाला तर भरा. एमएसक्यूला अर्धे गुण नसतात, सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण, पण चुकलं तर कापतही नाहीत. तिथे रिकामं सोडण्याला कारण नाही.

दिवाळी. ती पुन्हा येणारच आहे आणि तेव्हा घरात रजिस्टर घेऊन बसणं बरं दिसत नाही, करूही नये. पाच दिवस सुट्टी आधीच लिहून टाका, फक्त सकाळी फराळाच्या आधी वीस मिनिटं चुकांची वही. गेल्या वर्षी खंड भरून आला नाही, कारण परत आल्यावर राहिलेल्या पाच दिवसांची लेक्चर्स आधी संपवायला गेलात आणि चालू आठवडाही मागे पडला. राहिलेलं राहू द्या. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्या दिवशीचं जे असेल तेच करायचं. गणपतीत आणि घरच्या लग्नकार्यातही असंच.

राहिली अकरा रजिस्टरं. ती पहिल्यापासून वाचायची नाहीतच, त्यामुळे हिंमतीचा प्रश्न उरत नाही. रद्दीतही घालू नका, मेहनतीनं लिहिलेली आहेत. प्रत्येकाला पहिल्या पानावर प्रकरणांची यादी आणि पान क्रमांक घाला. तासाभराचं काम आहे, पुढच्या साप्ताहिक सुट्टीला उरकेल. त्यानंतर कागदावर लाल पेन चालला किंवा चुकांच्या वहीत ‘माहीतच नव्हतं’ आलं, की तेवढंच पान उघडायचं, वाचायचं आणि रजिस्टर परत फळीवर.